बोरीचं कलम आणून लावू नका, जागेवर तयार करा

एप्रिल लागला की मला हमखास फोन येतात. "ताई, गेल्या साली तुम्ही डोळे भरलेली बोर वाळली की हो." एका झाडाच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, काढून दुसऱ्याच्या सालीत बसवायचा, याला आम्ही डोळा भरणं म्हणतो. मी विचारते, काडी वाकवून बघा, कट्‌कन मोडते की लवते? नखानं साल खरवडा, आत हिरवं दिसतं का? काडी लवत असेल आणि आत हिरवं असेल, तर बोर वाळलेली नाही. तिनं पानं टाकलीत आणि ती झोपलीय. तिला उठवायला जाऊ नका. टँकरच्या पाण्यातली बादली तर तिला मुळीच घालू नका, ती म्हशीला पाजा.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. बालाघाटाच्या उतारावर आमची हलकी, मुरमाड जमीन आहे. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा माझा मामा रोपवाटिकेत डोळे भरायला जायचा. त्याच्याकडून मी शिकले. आता पावसाळ्यात आसपासच्या गावांत मी हेच काम करते. बाईमाणूस बांधावर चाकू घेऊन बसलं की गडीमाणसं भोवती जमतात. जमू द्यावीत, त्यातले दोघं-तिघं बघूनच शिकतात.

आपल्याकडं जूनमध्ये पाऊस येतो, मध्येच महिनाभर दडी मारतो, परतीचा थोडा बरा पडतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. झाड निवडताना हे वेळापत्रक समोर ठेवावं. मोसंबीला भर उन्हाळ्यात पाणी लागतं. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याकडं लोकांनी टँकर लावून मोसंबी जगवायचा प्रयत्न केला, तरी कितीतरी बागा सरपणाला गेल्या. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. बांधावरच्या बोरी त्याही उन्हाळ्यात उभ्याच होत्या. जूनच्या पावसावर बोरीला नवी फूट येते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं येतात, जमिनीत मुरलेल्या ओलीवर फळ पोसतं, डिसेंबर ते फेब्रुवारी माल निघतो आणि एप्रिलच्या उन्हात ती पानं टाकून मोकळी होते. पाण्याची खरी मारामार सुरू होते तेव्हा तिचं वर्षाचं काम आटोपलेलं असतं.

हे सगळं साधतं ते सोटमुळामुळं. मूळ सरळ खाली, मुरमाच्या फटीफटीतून गेलं पाहिजे. म्हणून पिशवीतलं कलम आणून लावायला मी नाही म्हणते. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ तळाला आपटतं आणि वेटोळं घालतं. लावल्यावर झाड हिरवं दिसतं, दोन वर्षं बरं चालतं, पण मूळ खोल गेलेलंच नसतं. ठिबक असेल तर खपून जातं. कोरडवाहू रानात पहिल्याच कडक उन्हाळ्यात ते उघडं पडतं. आपण उलट करायचं. गावरान बी जागेवर पेरायची, मूळ तिचं तिला खाली नेऊ द्यायचं आणि मग वरून आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा भरायचा. मामाचं म्हणणं असं, "मूळ मपल्या जागंवर ऱ्हाऊ दे, तू नुस्ता वरला डोळा बदल."

आठोळी आणि खड्डा

बी गावरान बोरीचीच घ्या. माळावर, दगडात, कुणी पाणी न घालता वाढलेलं, दरवर्षी लगडणारं झाड हेरून ठेवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पूर्ण पिकलेली, झाडाखाली पडलेली बोरं वेचा. गर काढून आठोळ्या धुवा, सावलीत वाळवा. यंदाच्याच वापरा, डब्यात दोन-तीन वर्षं पडलेल्या नकोत. बाजारातल्या मोठ्या बोरांच्या आठोळ्या जमवून आणणारेही भेटतात. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर डोळा भरायचा त्या खालच्या झाडासाठी, मला त्या नको असतात. फळ कसं येणार ते डोळा ठरवतो, खुंटाकडून आपल्याला फक्त चिवटपणा पाहिजे.

पेरणीच्या आदल्या दिवशी लिटरभर पाण्यात १७० ते १८० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आठोळ्या टाका. तरंगतील त्या पोचट, फेकून द्या. बुडालेल्या दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. आठोळीचं कवच लाकडासारखं टणक असतं, त्यामुळं तशीच पेरली तर उगवायला तीन-चार आठवडे सहज लागतात, आणि तेवढ्यात पावसानं दडी मारली तर संपलं. कवच फोडून आतलं बी पेरलं तर आठवडाभरात कोंब दिसतो. पाट्यावर आठोळी उभी धरायची आणि वरवंट्यानं हलकेच टिचवायची. आतलं बी चपटं, तपकिरी असतं. बहुतेक आठोळ्यांत दोन निघतात. जोरात हाणलं तर दोन्हीचा भुगा होतो. हे काम घरातल्या म्हातारीला द्या. आमच्या सासूबाई बोलत बोलत टिचवायच्या आणि एक बी फुटत नसे. माझ्या हातून अजूनही चार-दोन जातातच.

खड्डे मे महिन्यातच घेऊन उन्हात तापू द्यावेत. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. मुरूम लागला तर पहारीनं तळ आणखी हातभर खिळखिळा करून ठेवा, मुळाला वाट मिळते. वरची माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड एकत्र करून खड्डा भरा. कच्चं शेण घालू नका, वाळवी लागते. बाग करायची असेल तर वीस बाय वीस फुटांवर लावा, एकरात साधारण १०८ झाडं बसतात. बांधावर लावताना पंचवीस फूट सोडा, आणि झाड बांधाच्या मधोमध नको, आपल्या हद्दीत चार-पाच फूट आत घ्या. बोर मोठी होते, सावली पडते, काटे शेजाऱ्याच्या रानात जातात. मराठवाड्यात बांधावरून काय काय होतं ते मी सांगायला नको.

मुरमाड, खडकाळ, बरड जमीन बोरीला चालते. चोपणातही, म्हणजे खारवट जमिनीतही, ती बऱ्याच झाडांपेक्षा तग धरते. खोल काळ्या रानात ती जोमानं वाढते, पण माझ्या मते ते रान तुरी-कापसाला ठेवावं.

उतार असेल तर खड्ड्याच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा मातीचा वरंबा घाला. तोंड चढाकडं, दोन्ही टोकं वर वळलेली. वाहून जाणारं पाणी तिथं थबकतं आणि मुरतं. वरंब्यावर दगड रचले तर मोठ्या सरीतही फुटत नाही. या एका वरंब्यानं कोरडवाहू रोपाला जो फरक पडतो तो खतानं पडत नाही.

पेरणी मात्र मृगाच्या पहिल्या शिंतोड्यावर करू नका. खड्ड्यातली माती बसेल, हातभर ओल जाईल असा पाऊस होऊ द्या. मग प्रत्येक खड्ड्यात तीन-चार बिया, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नाहीत, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. सगळी रोपं वीतभर झाली की एक जोमदार ठेवून बाकीची जमिनीलगत कापायची. उपटू नका, ठेवलेल्याचं मूळ हलतं.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी बोरीचे शत्रू दोन, शेरडं आणि मार्चनंतरचं ऊन. शेळीला बोरीचा पाला इतका आवडतो की रोप दिसलं आणि सुटलं असं होत नाही. खड्ड्याभोवती बाभळीच्या नाहीतर बोराटीच्या काट्यांची कुपाटी घाला, कमरेएवढी उंच, आणि काट्यांचे बुडखे बाहेर ठेवू नका, शेळ्या त्यावर पाय देऊन चढतात. तुराट्यांचा कूड केला तर सावलीही मिळते, पण शेरडं तो दोन दिवसांत मोडतात.

पाऊस उघडल्यावर रोपाजवळ एक मडकं गळ्यापर्यंत पुरा. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवायची आणि तोंडावर झाकणी ठेवायची. पंधरा दिवसांतून एकदा मडकं भरलं की पुरे. मी सुरुवातीला पाणी घालू नका म्हणाले ते मुरलेल्या झाडाला. एक उन्हाळा काढेपर्यंत रोपाला एवढा आधार द्यावा लागतो. त्यापेक्षा जास्त मात्र नको. रोज तांब्या-तांब्यानं वर ओतलं तर मूळ वरच घुटमळतं. बुडाशी सोयाबीनचं भुसकट अंथरा, खोडापासून चार बोटं दूर, म्हणजे वाळवी थेट खोडावर चढत नाही.

दुसऱ्या वर्षी मेच्या अखेरीस एक काम करायचं, ते बघून घरची माणसं ओरडतात. कोयत्यानं नाही, सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, रोप जमिनीपासून वीतभर ठेवून सरळ कापा. जूनच्या पावसावर खालून तीन-चार धुमारे जोरात निघतात. त्यातला सगळ्यात सरळ एक ठेवायचा. जुलै संपेपर्यंत तो पेन्सिलीएवढा जाड होतो आणि त्याची साल कोवळी असते. डोळा या सालीवर धरतो.

डोळा भरणं

जुलैचा मध्य ते ऑगस्टची अखेर हा आमचा हंगाम. पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ढगाळ सकाळी काम करा. साल सुटते का ते आधी बघा. चाकूनं बारीक चीर देऊन कडा उचलली आणि आतून ओली, चकचकीत, सहज सुटणारी साल दिसली तर बसा. ओढावी लागली, तुकडे पडले तर घरी जा. पुढचा पाऊस होऊ द्या. साल सुटत नसताना भरलेले डोळे जवळजवळ सगळे वाया जातात.

डोळकाडी ज्या झाडाची घ्यायची त्याची बोरं तुम्ही स्वतः खाल्लेली असावीत. कुणाच्या सांगण्यावरून काडी आणायची नाही. यंदाच्या वाढीची, गोल, पेन्सिलीएवढी काडी, जिच्यावरचे डोळे फुगलेत पण फुटले नाहीत, अशी पाहिजे. आठवडाभर आधी तिच्यावरची पानं कात्रीनं कापून ठेवायची, देठ मात्र राहू द्यायचे. त्यानं डोळे फुगतात. काडी सकाळी काढायची, काटे मोडायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि त्याच दिवशी संपवायची. लांबून आणायची असेल तर केळीच्या सोपटात गुंडाळून आणा. उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत टाकलेली काडी मला आणून देऊ नका.

चाकू धारदार हवा, हातावरचा केस कापला जाईल इतका. बोथट चाकूनं साल चेंगरते. खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीवर, शक्यतो उत्तरेच्या अंगाला, गुळगुळीत जागा बघा. तिथं आधी बोटाच्या रुंदीएवढी आडवी चीर द्या, मग तिच्या मध्यापासून खाली इंचभर उभी. फक्त साल कापली पाहिजे, आतल्या लाकडाला धार लागता कामा नये. चाकूच्या पाठीनं दोन्ही बाजूंची साल हलकेच उचला.

आता डोळा. काडीवर डोळ्याच्या अर्धा इंच खाली चाकू घालून वर निघा आणि ढालीच्या आकाराचा तुकडा काढा. मागं लाकडाची पातळ कपची येते, ती नखानं सोडवायची. ती काढताना डोळ्यामागचा बारीकसा हिरवा गाभा निघाला आणि तिथं खळगा दिसला, तर तो डोळा गेला, दुसरा घ्या. सालीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, फुंकर मारू नका, तोंडात तर धरूच नका. मी तोंडात डोळे धरून काम करणारे बघितलेत. डोळा देठाला धरून सालीच्या खिशात वरून खाली सरकवायचा. डोळ्याचं तोंड वरच राहिलं पाहिजे. ढालीचं वरचं टोक आडव्या चिरेच्या वर डोकावत असेल तर चिरेशी नीट मिळवून कापा, म्हणजे साल सालीला भिडते.

बांधायला बोटभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी. खालून सुरू करून वर जायचं, प्रत्येक वेढा खालच्यावर थोडा चढवत, म्हणजे वरून आलेलं पाणी आत शिरत नाही. डोळा आणि देठ उघडे ठेवायचे. वेढा घट्ट हवा, पण सालीवर वळ उठेल इतका नको. काडीतून डोळा काढल्यापासून पट्टीची गाठ मारेपर्यंत मिनिटभरापेक्षा जास्त वेळ गेला तर हाताला अजून सवय हवी. सवय करायला बोरीची गरज नाही. आधी बांधावरच्या कुठल्याही बिनकामाच्या झुडपावर चिरा देऊन, पट्ट्या बांधून बघा.

आठ-दहा दिवसांनी देठाला बोट लावा. नुसत्या स्पर्शानं देठ गळून पडला तर डोळा धरला. देठ काळा पडून चिकटून बसला असेल तर गेला. पट्टी सोडायची, खुंटाच्या दुसऱ्या अंगाला परत भरायचा. ऑगस्ट संपेपर्यंत वेळ असतो. धरलेल्या डोळ्याची पट्टी तीन आठवड्यांनी मागच्या बाजूनं चिरून काढा. राहिली तर ती खोडात रुतते आणि पुढं वाऱ्यात झाड नेमकं तिथंच मोडतं.

पट्टी सोडली की खुंटाचा शेंडा डोळ्याच्या वर वीतभर ठेवून कापा. हा वरचा ठूस लगेच काढायचा नाही. नवी फूट हातभर झाली की तिला सुतळीनं सैलसर त्याच ठुसाला बांधायचं. डोळ्याची फूट सुरुवातीला नुसती सालीला धरून असते आणि ऑगस्टच्या वाऱ्यात चिरफाळते. सांधा पक्का झाला की हिवाळ्यात ठूस तिरका कापून टाका.

डोळे भरून झाले की लोक निवांत होतात. खालून खुंटाचे धुमारे फुटत राहतात, ते जोमदार असतात, आणि दोन महिने लक्ष गेलं नाही तर गावरान झाड वर निघून जातं आणि डोळ्याची फूट सुकते. मग पुढच्या हिवाळ्यात बारकी आंबट बोरं लागली की लोक म्हणतात, ताईनं डोळा चुकीचा भरला. आठवड्याला एक फेरी मारा आणि डोळ्याखालचं जे दिसेल ते अंगठ्यानं मोडून टाका.

बांधावरची जुनी बोर

तुमच्या बांधावर आधीच गावरान बोर असेल तर बी पेरायच्या भानगडीत पडूच नका. तिचं मूळ कितीतरी वर्षांपूर्वीच खोल जाऊन बसलंय. मेमध्ये ती गुडघ्याएवढी ठेवून करवतीनं कापा. कुऱ्हाडीनं नको, खोड पिंजतं. कापलेल्या जागेवर बोर्डो मलम फासा. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, दोन्हीचं मिळून दहा लिटर पाणी, आणि भांडं प्लॅस्टिकचं, लोखंडाचं नको. चार-पाच झाडंच असतील तर याच्या दहाव्या हिश्शानं करा. पावसावर ढीगभर धुमारे येतात, त्यातले चहू दिशांना असलेले तीन-चार ठेवून प्रत्येकावर डोळा भरा. अशा झाडाला दुसऱ्याच हिवाळ्यात खाण्यापुरती बोरं लागतात. बी पेरून केलेल्याला आणखी एक-दोन वर्षं थांबावं लागतं.

जमिनीलगत पसरणारी चन्यामन्या बोराटी वेगळी. तिच्यावर डोळा धरतो, पण झाड ठेंगणंच राहतं आणि मुळातून सारखे निघणारे फुटवे जीव खातात. तिला कुंपणालाच ठेवा. तिची वाटाण्याएवढी बोरं पोरं खिसे भरभरून नेतात, तेही काही वाईट नाही.

कोणती जात

उमराण उशिरा येतं, जानेवारीच्या अखेरीपासून पुढं. मोठं, पिवळंधमक, टिकाऊ, गाडीत घातलं तरी दबत नाही. मेहरूण जळगावकडचं, लांबट, टोकदार आणि चवीला माझ्या मते सगळ्यांत वरचं. कडाकाही कोरडवाहूत चालतं. एकच जात सगळीकडं लावू नका. बोरीच्या बऱ्याच जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, नाहीतर फूल भरपूर आणि फळ थोडं असं होतं. दोन जाती आलटून-पालटून भरा, आणि बांधावर एखादी गावरान राहू द्या.

मधल्या काळात अॅपल बोराची लाट आली होती. काटे कमी, फळ लिंबाएवढं, पहिल्याच वर्षी माल. पाणी असेल त्यानं खुशाल लावावी. बिनपाण्याच्या उतारावर तिचा उपयोग मला दिसलेला नाही, आणि तिला चव आहे असंही मी म्हणणार नाही.

छाटणी आणि कीड

बोरीला फळ येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. म्हणून छाटणी दरवर्षी, एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, ती पानं टाकून उघडी असताना. गेल्या वर्षीच्या काड्या निम्म्याहून थोड्या जास्त कापते मी. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या पूर्ण काढते. पहिली दोन वर्षं गुडघा ते कमरेच्या मधल्या भागात चार-पाच फांद्या चहूबाजूंना ठेवून मधला भाग उघडा करा. झाड हाताच्या उंचीवर ठेवलं तर तोडणी होते, नाहीतर वरची बोरं राघूंचीच. छाटलेल्या काट्यांची कुपाटी होते, त्यामुळं छाटणीची मजुरी निम्मी तरी वसूल होते. छाटणीला अंगभर कपडे आणि जाड चप्पल घाला. बोरीचे काटे जोडीनं असतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो.

फुलं येतात तेव्हा झाडाला एक उग्र वास सुटतो आणि माश्या-मधमाश्या घोंघावतात. त्या काळात फवारा हातात घेऊ नका, फळ त्यांच्यामुळंच धरतं. पाणीही देऊ नका. पाणी असलंच तर नोव्हेंबरात, बोर हरभऱ्याएवढं झाल्यावर एकदा आणि महिन्यानं एकदा द्या, फळ पोसतं. याच सुमारास ढगाळ हवा आणि रात्रीचं दव असलं की कोवळ्या फळांवर पिठासारखी भुरी चढते. दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम पाण्यात विरघळणारं गंधक घालून फवारा, दिसताक्षणी. उशीर झाला तर फळ तडकतं आणि गळतं.

फळमाशीला मात्र फवाऱ्यापेक्षा खोरं बरं. ती कोवळ्या बोरात अंडी घालते, अळी गर खाते, मग फळातून बाहेर पडून झाडाखालच्या मातीत कोष करते. किडकी, गळालेली बोरं रोज वेचून हातभर खोल खड्ड्यात पुरा. झाडाखाली नुसती गोळा करून ढीग लावू नका, तो तिचा पाळणाच होतो. छाटणी झाली की झाडाखालची माती वीतभर खणून उलटी करा, उन्हानं कोष मरतात आणि उरलेले चिमण्या-साळुंक्या टिपतात. शेजारच्या बांधावरच्या बोरीखालीही हे करायला सांगा. एकट्यानं केलं तर माशी तिकडून येतेच.

किती झाडं लावायची

इथं मी शेतकऱ्याला हिशेब विचारते. रानाचा नाही, माणसांचा. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी गावं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. छाटणीला, खड्ड्याला, खणायला गडी मिळतात, कारण ती कामं उन्हाळ्यातली आहेत. बोरं पिकतात तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरलेली असतात. बोर एकदम तोडून होत नाही, एकाच झाडावर हिरवं, पिवळं आणि लाल एकत्र असतं, दर चार-पाच दिवसांनी फिरावं लागतं. पाच-सहा वर्षांचं कोरडवाहू झाड चांगल्या वर्षी ४० ते ५० किलो माल देतं. घरात हिवाळ्यात राहणारी दोनच माणसं असतील तर पंधरा-वीस झाडांच्या पुढं जाऊ नका. तोडायला कुणी नसताना लावलेली एकराची बाग राघू आणि फळमाशी खातात.

तोडणी पहाटे नको, दव असतं. ऊन वर आल्यावर, फळ पिवळं झालं आणि अजून कडक आहे तेव्हा तोडा. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात सुगडात घालायला बोर लागतंच, तेव्हा आठवडी बाजारात भाव बरा असतो. लहान लेकरांची बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालतात, तोवर मागणी राहते. पुढं ती पडते. म्हणून एक-दोन झाडं तरी लवकर येणाऱ्या जातीची ठेवा.

झाडावर लाल होऊन सुरकुतलेली बोरं फेकू नका. ती गच्चीवर स्वच्छ कापडावर आठ-दहा दिवस कडकडीत वाळवा, रात्री आत घ्या. आठोळीसकट उखळात हलक्या हातानं कांडा, गर सुटला की चाळून घ्या, आठोळ्या वेगळ्या काढा. राहिलेल्या पिठात मीठ, थोडं जिरं आणि गूळ घालून परत कुटा. हे बोरकूट शाळेसमोरच्या दुकानात हातोहात जातं. काचेच्या बरणीत भरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला पावसाळ्यात पाणी सुटतं.